'डकार'चा बोया

इस्रायलची 'डकार' ही पाणबुडी मूळची ब्रिटिशांची 'टोटेम'. १९४३ साली डेव्हनपोर्टच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. पुढे १९५०च्या दशकात तिला कापून मध्ये नवा तुकडा जोडला, जादा बॅटऱ्या आणि मोटारी बसवल्या, डेकवरची तोफ काढली. १९६५ साली इस्रायलने तिच्यासह 'टी' वर्गाच्या तीन पाणबुड्या विकत घेतल्या.

९ जानेवारी १९६८ रोजी ६९ माणसांना घेऊन 'डकार' पोर्ट्समथहून हैफाकडे निघाली. कमांडर होते याकोव रानान. पाणबुडी वेळापत्रकाच्या पुढे होती. क्रीट मागे पडले आणि २५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर तिचा शेवटचा संदेश आला.

पाच देशांच्या मदतीने शोध झाला. हाती काहीच लागले नाही.

वर्षभराने, फेब्रुवारी १९६९ मध्ये, गाझातल्या खान युनिसच्या किनाऱ्यावर एका मच्छीमाराला तिचा आपत्कालीन बोया सापडला. या बोयाची रचना साधी. डेकखाली लाकडी पिंजऱ्यात तो बसवलेला असतो. पाणबुडी बुडाली, की सुटून वर तरंगावा आणि सुमारे २०० मीटर लांबीच्या तारेने खालची जागा दाखवावी, हे त्याचे काम. सापडलेल्या बोयाला त्या तारेचा आखूड तुकडा उरला होता. तो तपासून तज्ज्ञांनी ठरवले, की बोया बराच काळ पाणबुडीला बांधलेला होता आणि नंतर तार झिजून तुटली. म्हणजे पाणबुडी उथळ पाण्यात, ठरलेल्या मार्गापासून बरीच दूर असणार. तर्क सुसंगत होता, म्हणूनच तो इतका महाग पडला. त्या आधारावर वर्षानुवर्षे भलत्याच ठिकाणी समुद्र धुंडाळला गेला आणि ६९ घरे खबरीविना राहिली.

मे १९९९ मध्ये 'नॉटिकॉस' या अमेरिकी कंपनीला 'डकार' सापडली. क्रीट आणि सायप्रसच्या दरम्यान, जवळजवळ ठरल्या मार्गावरच, सुमारे ३००० मीटर खोल. तिथून २०० मीटरची तार पृष्ठभागापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. बोया तुटून वाहत गेला होता. पाणबुडीचा मागचा भाग तुटून वेगळा झाला होता, कॉनिंग टॉवर बाजूला पडला होता. २००० साली त्या टॉवरचा एक भाग वर काढून हैफाच्या संग्रहालयात ठेवला. अपघाताचे कारण मात्र अजून ठरलेले नाही. इतक्या खोलवर सांगाडा चेपून फुटतो. मग त्यातली कोणती फूट बुडण्याआधीची आणि कोणती नंतरची, हे सांगणे फार कठीण.