अंबा : न्याय मागता मागता सूडापर्यंत

सालवड : महाभारतातील सूड म्हटला, की डोळ्यांसमोर द्रौपदी येते. मात्र, आपला सूड हेच जीवितकार्य मानून त्यासाठी दोन जन्म वेचणारी स्त्री म्हणजे काशिराजाची थोरली कन्या अंबा. तिच्या कथेचा एक धागा थेट आपल्या पालघर जिल्ह्याशी जुळतो.

उद्योगपर्वाच्या अखेरीस ‘अंबोपाख्यान’ येते. विचित्रवीर्यासाठी वधू हव्यात म्हणून भीष्माने काशीच्या स्वयंवरातून अंबा, अंबिका आणि अंबालिका या तिघी बहिणींचे हरण केले. अंबेने मनोमन शाल्वराजाला वरले होते. तिने तसे सांगताच भीष्माने सत्यवतीची अनुमती घेऊन तिला सन्मानाने जाऊ दिले. परंतु दुसऱ्याने जिंकून नेलेली स्त्री म्हणून शाल्वाने तिला नाकारले. अपमानित होऊन पित्याच्या घरी परतणे तिला मान्य नव्हते.

दोष कोणाचा?

याच टप्प्यावर अंबा स्वतःशी जो विचार करते, तो या कथेचा गाभा आहे. हरणाच्या वेळी रथातून उडी न टाकणारी आपण दोषी, की पराक्रमाचा पण लावणारा पिता? अव्हेरणारा शाल्व, की पळवून आणणारा भीष्म? ती प्रत्येकाला दोषाचा वाटा देते, स्वतःलाही. अखेरीस संकटाचे मूळ भीष्म आहे, असा निष्कर्ष ती काढते. तिचा सूड हा क्षणिक संतापाचा उद्रेक नाही. तो विचारान्ती झालेला निर्णय आहे.

शूर्पारकाचा परशुराम

तरीही ती प्रथम शस्त्राकडे वळत नाही, दाद मागते. तिचे आजोबा राजर्षी होत्रवाहन तिला परशुरामाकडे पाठवतात. वनपर्वात पांडव ज्या शूर्पारक तीर्थाला भेट देतात आणि शांतिपर्वानुसार जी भूमी समुद्राने परशुरामासाठी मोकळी केली, ते शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. क्षत्रियांचा काळ मानला गेलेला हा परशुराम आपल्या शिष्याशी, भीष्माशी, कुरुक्षेत्रावर २३ दिवस लढला. युद्ध अनिर्णित राहिले. आपले सामर्थ्य संपल्याचे सांगून परशुरामाने अंबेला सल्ला दिला, तो भीष्मालाच शरण जाण्याचा!

पिता, प्रियकर, गुरू ही सारी दारे बंद झाल्यावर तिने कठोर तप आरंभिले. पुढच्या जन्मी तू पुरुष होऊन भीष्माला मारशील आणि सारे तुझ्या स्मरणात राहील, असा वर शंकराने दिला. तिने स्वहस्ते चिता रचली आणि भीष्मवधाचा उच्चार करीत अग्निप्रवेश केला. द्रुपदाच्या घरी शिखंडिनी म्हणून ती जन्मली. पुढे स्थूण यक्षाशी लिंगाची अदलाबदल होऊन तिचा शिखंडी झाला.

अपुरे यश

युद्धाच्या दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे करून अर्जुनाने बाण सोडले. पूर्वी स्त्री असलेल्यावर शस्त्र उचलणार नाही, हा भीष्माचा नियम होता. मात्र शरपंजरी पडण्यापूर्वी भीष्म आवर्जून सांगतो, की मर्म भेदणारे हे बाण अर्जुनाचे आहेत, शिखंडीचे नव्हेत. ज्या विजयासाठी अंबेने देह जाळला, त्याचे श्रेयही तिला पूर्णपणे मिळत नाही. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे : ही सारी कथा सांगतो कोण, तर स्वतः भीष्म, दुर्योधनाला. फिर्यादीची कैफियत आरोपीच्या तोंडून येते.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मध्ये भीष्माच्या त्यागाची चिकित्सा करताना, त्या त्यागाची किंमत स्त्रियांना मोजावी लागल्याचे परखडपणे दाखवले. या दृष्टीने पाहिले, तर अंबेची कथा सूडाचे समर्थन करीत नाही. भीष्माने प्रतिज्ञा पाळली, शाल्वाने क्षत्रियाचा मान राखला, परशुरामाने शक्तीची शर्थ केली. प्रत्येकाने आपापला धर्म सांभाळला. त्यात अंबेची जबाबदारी मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही. जिचे कोणीच देणे लागत नाही, तिच्यासाठी सूडाखेरीज दुसरा मार्ग समाजाने शिल्लक ठेवला होता का, हा प्रश्न महाभारत वाचकावर सोपवते.