भीड आणि भांडवल

"रविवारी संध्याकाळी घरी आहात ना? जरा येऊन जातो. वहिनींनाही थांबायला सांगा."

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीसारख्या वस्तीत, असा निरोप आला की पूर्वी त्याचे दोन-चारच अर्थ होत. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची असेल, सोसायटीच्या गच्चीची गळती असेल, नाहीतर महिनाअखेरीला थोडे हातउसने हवे असतील. गेल्या तीसेक वर्षांत या निरोपाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. शेजारी येतो, चहा घेतो, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो आणि कपबशी बाजूला सारून विचारतो, "पगाराव्यतिरिक्त महिन्याला दहा-पंधरा हजार मिळाले, तर तुम्हाला आवडेल का?"

या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर कोणता चाकरमानी देईल? आपण 'हो' म्हणतो आणि तिथेच अडकतो. पिशवीतून वही निघते. वहीच्या पानावर एक वर्तुळ येते. "हे तुम्ही." त्याखाली सहा वर्तुळे. "ही तुमची माणसे." त्या प्रत्येकाखाली पुन्हा सहा. पान भरते तरी कंपनीचे नाव आलेले नसते, आणि माल साबणाचा की गोळ्यांचा, तेही कळलेले नसते. कंपनीचे नाव शेवटी सांगायचे, हे त्या शेजाऱ्याला शिकवलेले असते. आधी ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायची, हेही शिकवलेले असते. त्या यादीत आपला क्रमांक कितवा होता, हे मात्र आपण विचारत नाही.

हा धंदा आपल्याकडे रुजला तो काळ आठवून पाहावा. ऑरिफ्लेम १९९५ मध्ये आली. १९९६ मध्ये टपरवेअर आली आणि मोदीकेअर सुरू झाली. १९९८ मध्ये अ‍ॅमवेने भारतात विक्रीला सुरुवात केली. ठाण्यात हा काळ कसा होता? ज्या वागळे इस्टेटीत १९६२ पासून महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिथल्या अनेक कारखान्यांना नव्वदच्या दशकात टाळी लागली. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द घरोघरी पोहोचला. पन्नाशीच्या आतला माणूस हातात तुटपुंजी रक्कम घेऊन घरी बसला. त्याला दुकान काढायला गाळा परवडत नव्हता आणि नवी नोकरी मिळत नव्हती. अशा माणसाला कोणी सांगितले, की गाळा नको, भांडवल नको, तुमच्या ओळखी हेच तुमचे भांडवल, तर त्याने त्यावर विश्वास का ठेवू नये? त्याला हावरट म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल.

आणि घरोघरी जाऊन विकण्यात कमीपणा कसला? कोपरीला तर ते मुळीच नवे नाही. फाळणीनंतर सर्वस्व गमावून इथे आलेल्या सिंधी कुटुंबांनी लहानसहान व्यापारावरच पुन्हा संसार उभे केले. शेजारच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. विम्याचा एजंटही नात्यागोत्यातूनच घरात शिरतो. पण या सगळ्यांत आणि त्या वहीत एक मोठा फरक आहे. मासे विकणारी बाई आपल्याला पापलेट घ्या म्हणते. तुम्हीही पाटी घेऊन माझ्या शेजारी बसा, असे म्हणत नाही. तिची कमाई मासळी खाणाऱ्यावर अवलंबून असते, मासळी विकणाऱ्यांची संख्या वाढण्यावर नाही.

लिज्जत पापडाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथेही एकीने दुसरीला बोलावले, दुसरीने तिसरीला. भरती ओळखीतूनच झाली. पण नवी बहीण आली की तिने पापड लाटायचे आणि लाटल्याची मजुरी घ्यायची. पैसा आला तो पापड खाणाऱ्या अनोळखी घरांतून. नवी येणारी बाई ही जुनीचे गिऱ्हाईक नव्हती.

आता वहीतल्या वर्तुळांचा हिशेब करू. प्रत्येकाने फक्त सहा जण आणायचे. सहाचे छत्तीस, छत्तीसांचे दोनशे सोळा. सातव्या पायरीवर २,७९,९३६ माणसे लागतात आणि आठव्या पायरीवर १६,७९,६१६. आठही पायऱ्यांची बेरीज वीस लाखांच्या पुढे जाते. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची सारी लोकसंख्या, पाळण्यातल्या बाळांसकट, अठरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे कोपरीतून निघालेली ही साखळी आठव्या पायरीवर शहर संपवून बसते. आणि त्या वीस लाखांतले शंभरातले त्र्याऐंशी जण सर्वांत खालच्या पायरीवर असतात, ज्यांच्या खाली कोणीच नसते. वहीत ही पायरी येत नाही, कारण पान आधीच भरलेले असते.

म्हणून खरा प्रश्न साखळी किती लांब, हा नाही. साखळीबाहेरचा माणूस हा माल विकत घेतो का, हा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमवेची पद्धत पिरॅमिड ठरवली नाही, तेव्हा याच गोष्टीकडे पाहिले. बोनस हवा असेल तर दर महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री झालेली असावी, हा कंपनीचा नियम तिच्या बाजूने मोजला गेला. मात्र कमाईची फुगवलेली चित्रे दाखवण्याबद्दल त्याच निकालात तिला अटकाव झाला.

आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीसाठी स्वतंत्र नियम आले. पिरॅमिड योजना चालवायला त्यांत मनाई आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, माल कोणता आणि येण्याचा हेतू काय, हे खरेखरे सांगावे, असेही आहे. सही केल्यावर ठराविक मुदतीत दंडाशिवाय माघार घेण्याची सोयही आहे. म्हणजे वहीत जी गोष्ट शेवटी येते, ती सर्वांत आधी सांगा, असे सरकारला लिहून द्यावे लागले.

पण कायदा दिवाणखान्यात येऊन बसत नाही. तिथे बसलेली असते भीड. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले. ज्याने मध्यरात्री आपल्या आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, त्याला 'नको' कसे म्हणायचे? आपण हजार-दोन हजारांचा माल घेतो, तो कपाटात पडून राहतो, आणि पुढच्या महिन्यापासून आपण त्याचा फोन उचलत नाही. शेजाऱ्याचे भांडवल ओळखी नव्हेच. आपली भीड हेच त्याचे भांडवल. आणि ते एकदाच वापरता येते.

तेव्हा ज्याला हा धंदा प्रामाणिकपणे करायचा आहे, त्याने सुरुवातच वेगळी करावी. "मी अमक्या कंपनीचा माल विकतो. तुम्ही गिऱ्हाईक व्हावे किंवा माझ्याबरोबर यावे, हे विचारायला आलो आहे." मग स्वतःची वही उघडावी, वर्तुळांची नव्हे, जमाखर्चाची. वर्षभरात किती मिळाले, स्वतः किती रुपयांचा माल घेतला, सभांच्या तिकिटांना आणि जाण्यायेण्याला किती गेले, आणि हाती काय राहिले. साखळीत नसलेल्या किती घरांनी माल दुसऱ्यांदा मागितला, तेही सांगावे. आणि शेवटी म्हणावे, "नको असेल तर आत्ताच सांगा, मला राग नाही."

ऐकणाऱ्यानेही हेच प्रश्न विचारावेत. त्यात उद्धटपणा नाही. भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो, मग इथे हिशेब विचारायला लाजायचे कशाला? उत्तर पटले तर जरूर जावे. नाही पटले तर चहा संपायच्या आत 'नको' म्हणावे.

कारण 'बघतो, सांगतो' म्हणून टाळलेल्या माणसाचे काय होते, हे सकाळी फलाटावर दिसते. वीस वर्षे एकाच डब्यातून, एकमेकांना चौथी सीट देत गेलेली दोन माणसे. त्यांतला एक दुसऱ्याला लांबून येताना पाहतो आणि पुढच्या डब्याकडे चालू लागतो.