शुगर ‘रक्तातच’ आहे?

हिंजवडी फेज टूमधल्या कुठल्याही कँटीनमध्ये जेवणानंतर गुलाबजामची वाटी पुढे ओढत कुणीतरी म्हणतंच, “आमच्याकडे शुगर रक्तातच आहे. खाल्लं काय, न खाल्लं काय!”

हे अर्धंच खरं. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांची अक्षरं जेवणाने बदलत नाहीत. (‘डीएनए बदलणारा आहार’ विकणाऱ्यांना म्हणूनच लांबून नमस्कार.) बदलतं ते कोणतं जनुक किती काम करणार, हे. डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात आणि बऱ्याचदा तिथलं जनुक मंदावतं. हे गट पुरवायला फोलेट आणि बी-12 लागतं, म्हणजे गोष्ट ताटापाशी येते.

आणि हे ताट आईचंही असतं: तिच्या पोषणाचा बाळाच्या शुगरशी संबंध असतो, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993पासून जवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून! ‘बारीक माणसाला शुगर होत नाही’ हा समज इथेच कोसळतो. खुद्द याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

‘गरोदरपणी फोलिक ॲसिड घेतलं की झालं’ हा आणखी एक समज. या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांना बी-12 कमी होतं. फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच. बी-12 कमी आणि फोलेट भरपूर असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. म्हणून गोळी बंद करायची नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती हवीच. सोबत बी-12 तपासायचं. डाळी-भाज्यांत ते नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं.

मग सगळं गर्भातच ठरलं का? नाही. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, घराण्यात काहीही असो.

पुढच्या वार्षिक तपासणीत बी-12 लिहून घ्या. वजनकाट्यावर विसंबू नका, टेपने कंबर मोजा: पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत हवी, स्त्रियांची 80.