कोटा कोणाच्या नावे आणि कोणत्या घड्याळाने

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ट्रान्स-ठाणे क्रीक पट्ट्यात, महापे येथे, आज ज्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या आवारात ओळीने मांडलेली डिझेल जनित्रे आणि शीतकरणाची अवजड यंत्रे ज्याने जवळून पाहिली आहेत, त्याला क्लाउड नावाच्या व्यवस्थेच्या मुळाशी मंजूर विद्युत्‌भार, मोजकी जागा आणि मोजकेच सर्व्हर असतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही त्याच परिसरातील कचेऱ्यांत बसून अशाच यंत्रांकडे एपीआयद्वारे अहोरात्र विनंत्या पाठवणाऱ्या मंडळींत कोट्याविषयीचे, म्हणजे विनंत्यांच्या ठरवून दिलेल्या मर्यादेविषयीचे, काही समज इतके दृढमूल आहेत की, त्यांचा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समज असा की, कोटा म्हणजे अधिक पैसे काढण्याची तजवीज, आणि बिल वेळेवर भरणाऱ्याला ती लागू होण्याचे कारण नाही. वास्तविक कोटा आणि बिल ही दोन स्वतंत्र दप्तरे आहेत. ॲमेझॉनच्या, फंक्शन चालवून देणाऱ्या, लॅम्डा सेवेत एका प्रदेशात (रीजनमध्ये) एका वेळी १,००० अंमलबजावण्या चालू शकतात, ही मूळ मर्यादा भरणा चोख असलेल्या खात्यालाही असते. आणि एखादे फंक्शन चुकून स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावू लागले, तर त्या अनर्थाला बांध घालणारीही तीच असते. उलटपक्षी, कोटा आहे म्हणून खर्च आटोक्यात राहील, हा भरवसाही व्यर्थ आहे. आणि बजेटची सूचना लावून ठेवली, तरी ती मुळात केवळ ईमेल पाठवते, सेवा बंद करीत नाही.

मर्यादा नेमकी कोणाच्या नावे मोजली जाते, या प्रश्नावर मात्र अधिक रेंगाळले पाहिजे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाची कोविड लसनोंदणी खुली झाली, आणि त्यानंतरच्या दिवसांत कोविन या सरकारी लसनोंदणी व्यवस्थेच्या सार्वजनिक एपीआयवर रिकाम्या जागा शोधणाऱ्या स्क्रिप्ट आणि टेलिग्रामवरील बॉट देशभर धावू लागले. त्या एपीआयची अट होती, एका आयपी पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० विनंत्या. ही मुभा आपल्या एकट्याची, अशी पुष्कळांची समजूत होती. पण मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि अशा पत्त्यामागून २० जण जागा पाहू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला एकच विनंती येते. शिवाय दिली जाणारी माहितीच ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असे त्या अटींत नमूद होते; तेव्हा दर सेकंदाला विचारूनही हाती येणारे उत्तर बहुधा तेच असे. ती मर्यादा रास्त होती, असे माझे मत आहे; टंचाई लशीची होती, आणि ती विनंत्यांच्या माऱ्याने भरून निघणारी नव्हती. मात्र आयपी पत्त्याने माणसे मोजणे हे माप बोथटच, आणि त्याचा जाच झाला तो सामायिक पत्त्यामागच्या सामान्य माणसाला.

‘कोटा संपला, नवी एपीआय की काढा’ हा सल्लाही याच अज्ञानातून येतो. गूगल क्लाउडमध्ये कोटा सामान्यतः प्रोजेक्टच्या नावे मोजला जातो, ॲमेझॉनकडे बहुधा खाते आणि प्रदेश यांच्या नावे. एकाच प्रोजेक्टच्या दहा की काढल्या, तरी हिशेब एकाच वहीत जातो. प्रदेशाप्रदेशांतही भेद आहे. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेची मूळ मर्यादा मुंबई प्रदेशात सेकंदाला १०,००० विनंत्या, तर मागाहून सुरू झालेल्या हैदराबाद प्रदेशात २,५०० अशी नमूद आहे. काम तिकडे हलवणाऱ्याने हे आधीच पाहून ठेवावे.

दिवसाच्या कोट्याचा दिवसही आपला नसतो. यूट्यूबच्या डेटा एपीआयने अनेक वर्षे दिवसाला १०,००० एकके, त्यांत शोधाच्या एका विनंतीला १०० आणि एखाद्या व्हिडिओचा तपशील वाचण्यास १, असा शिरस्ता ठेवला. म्हणजे केवळ शंभर शोधांत दिवसाची शिल्लक संपे. ती पुन्हा भरे अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे महाप्यात, तिकडे उन्हाळी वेळ लागू असताना दुपारी साडेबाराला आणि एरवी दीडला. आपल्या रात्री बाराला नवा कोटा मिळेल, या भरवशावर लावलेले काम सकाळभर नकार घेत बसते.

न वापरलेली मुभा साठत जाते, हाही भ्रमच. अनेक सेवांत मोजणी ठरावीक मापाच्या रांजणासारखी चालते: सेकंदाला १० टोकन, म्हणजे १० विनंत्यांची मुभा, पडणारा आणि ५० मावणारा रांजण तासभर कोणी हात न लावता ठेवला, तरी त्यातून एका वेळी ५०च निघतील. मर्यादा ओलांडली की येणारा ४२९ हा संकेतांक २०१२ सालच्या प्रमाणकाने निश्चित केला आहे, आणि त्यासोबत किती वेळ थांबावे हेही सर्व्हर कळवू शकतो. तो निरोप न वाचता तत्काळ पुन्हा विनंती करणे हा अडचण वाढवण्याचाच मार्ग होय. प्रतीक्षा १, २, ४, ८ सेकंद अशी दुपटीने वाढवावी आणि तीत थोडा यादृच्छिक फरक मिसळावा, नाहीतर एकाच वेळी नाकारलेले सारे क्लायंट एकाच वेळी परत येतात.

अखेर, कोटा मंजूर झाला म्हणजे यंत्रे राखून ठेवली गेली, असेही नव्हे. खात्याला मुभा असूनही त्या क्षणी त्या प्रदेशात हव्या त्या जातीचे सर्व्हर शिल्लक नसतील, तर क्षमता अपुरी असल्याचा नकार येतो. क्षमता राखायची तर तिचा करार आणि आकार वेगळा. वाढीव कोट्याचा अर्ज करताना प्रदेश, कमाल दर, कालावधी आणि आजवरच्या वापराचे आकडे द्यावेत, आणि तो गर्दीच्या आदल्या दिवशी करू नये, कारण त्याची तपासणी माणसांकडूनही होऊ शकते. काही मर्यादा तर अर्जाने बदलतच नाहीत: लॅम्डाचे एक फंक्शन ९०० सेकंदांहून अधिक चालत नाही, तेव्हा तेथे अर्ज लिहीत बसण्यापेक्षा कामाचेच तुकडे पाडावेत.