चेलोला मिळालेला बरोबरीचा मान

मागल्या पावसाळ्यात लाटंबार्से येथील एक गृहस्थ मजकडे आले. त्यांचा मुलगा पणजीस व्हायोलिन शिकावयास जातो. त्याचे लांब हात पाहून शिक्षकांनी त्याला चेलो सुचविला होता, आणि पित्याचा जीव हळहळत होता. "फादर, व्हायोलिनवाल्यास लग्नाला, फेस्ताला कोणीही बोलावील. हे धूड घेऊन कोण हिंडणार? शिवाय जन्मभर दुसऱ्याच्या मागेच वाजवायचे ना?"

शंका अगदीच निराधार नव्हती. तिसवाडी, बार्देश व सासष्टी ह्या जुन्या काबिजादीतील चर्चशाळांतून शतकानुशतके स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले गेले. डिचोली पोर्तुगीज अमलाखाली आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आमच्याकडचे कान घडले ते हार्मोनियम, पखवाज आणि भजन ह्यांवर. पणजीत १९५२ साली आंतोनियु द फिगेरेदु ह्यांनी संगीत अकादमी स्थापिली, तिचा लाभही ह्या बाजूस बेताचाच पोहोचला.

युरोपातही चेलोची गत फारशी निराळी नव्हती. हार्पसिकॉर्ड वाजविणाऱ्याच्या डाव्या हाताचे खर्जाचे स्वर गिरवीत राहणे, ही त्याची नित्याची चाकरी. विवाल्डीने त्याला सोनाटे दिले खरे, परंतु तेथे चेलो धनी आणि साथीदार चाकर. हायडन व मोझार्ट ह्यांनी तर चेलो व पियानोसाठी एकही सोनाटा लिहिला नाही.

१७९६ साली तरुण बीथोवन बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम स्वतः चेलो वाजवीत असे. त्याच्या दरबारासाठी बीथोवनने दोन सोनाटे रचिले व दोन्ही वाद्यांचे स्वर पूर्णपणे लिहून काढले. तरीही त्यांत पियानोच वरचढ आहे, असे मला वाटते. वाजविणारा तो स्वतःच होता ना! खरी बरोबरी साधली ती १८०९ साली प्रसिद्ध झालेल्या ए मेजर सोनाट्यात.

अडचण साधी आहे. चेलोचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या पट्टीत फिरतो, आणि नेमका तेथेच पियानोचा डावा हात दाटी करतो. बीथोवन चेलोला कधी उंच नेतो, कधी पियानोचे स्वर विरळ करतो, कधी दोघांना आळीपाळीने बोलावयास लावतो. आपल्या जुगलबंदीतील सवाल-जवाब ऐकलेल्यास हे समजाविण्याची गरज नाही. भेद इतकाच, की येथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो.

त्या गृहस्थांस मी हाच सोनाटा ऐकविला. आरंभी चेलो एकटाच, सावकाश, कोणाच्याही आधाराविना गातो. ते कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पियानोवाला झोपला की काय?" इतक्यात पियानोने चेलोचे अर्धे राहिलेले वाक्य उचलून पुरे केले. गृहस्थ हसले. पुढला भाग संपेपर्यंत मात्र काही बोलले नाहीत.

मुलाने चेलो घेतला आहे. पावसाळ्यातील दमटपणाने सांधे सुटू नयेत म्हणून तो भिंतीपासून दूर ठेवावा, हे मी त्यास बजाविले आहे. आता खोळंबा आहे तो पियानोचा. आमच्या चर्चमध्ये आहे ती हार्मोनियम, आणि बीथोवनचा डावा हात तिच्यावर वाजविण्याचा प्रयत्न मी एकदा करून पाहिला आहे. वाचकांपैकी कोणाकडे वापरात नसलेला पियानो असल्यास अवश्य कळवावे.