दर गुरुवारी, एक पेनी: चार्ल्स स्पर्जनचं दुखणं आणि त्याचं काम

ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे पाल्हाळ लागलं होतं तिथे थोडी छाटणी केली आहे, बाकी तेच.

आजचा माणूस आहे चार्ल्स हॅडन स्पर्जन, एकोणिसाव्या शतकातला लंडनचा बाप्टिस्ट पास्टर, म्हणजे मंडळीचा पाळक. तुम्ही ख्रिस्ती असा नसा, देव माना न माना, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपण म्हणतो ना, "आधी तब्येत ठीक होऊ दे, मग बघू"? त्याला ही सवलत जवळपास कधीच मिळाली नाही. मोठी मोठी कामं त्यानं दुखणं चालू असतानाच उभी केली. आणि त्यातलं एक तर आपल्या या ट्रान्सक्रिप्टचं पणजोबाच म्हणायला हवं.

जन्म १९ जून १८३४ चा, इंग्लंडमधल्या एसेक्सचा. वडील पाळक, आजोबा पाळक. घरात धर्म भरपूर, पण पोराच्या मनाला चैन नाही. ६ जानेवारी १८५० च्या रविवारी तो चर्चला निघाला आणि हिमवादळात सापडला. पुढे जाता येईना, म्हणून कोलचेस्टरमधल्या एका छोट्या चॅपलमध्ये शिरला. तिथला ठरलेला पाळकही बर्फामुळे पोचला नव्हता. आत दहा-पंधरा माणसं. शेवटी त्यांच्यातलाच एक हडकुळा, फारसा न शिकलेला माणूस उठून बोलायला लागला. त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं आणि तेच तो फिरवून फिरवून सांगत राहिला: स्वतःकडे बघत बसू नका, देवाकडे बघा. पंधरा वर्षांच्या स्पर्जनला ते आरपार लागलं. त्याची श्रद्धा सुरू होते ती या दिवसापासून.

पुढच्या संधीचा किस्सा मला फार आवडतो. केंब्रिजजवळ टेव्हरशॅम नावाचं खेडं आहे. तिथे एका घरात प्रार्थनेसाठी लोक जमणार होते. स्पर्जनला सांगण्यात आलं की एक तरुण तिथे बोलणार आहे, त्याला सवय नाही, तू सोबत जा. वाटेत स्पर्जननं त्याला शुभेच्छा दिल्या. तो गडी म्हणाला, मी कुठला बोलतोय, बोलणार तर तू! म्हणजे दोघंही एकमेकांच्या भरवशावर निघालेले. स्पर्जन तेव्हा सोळा वर्षांचा. परत फिरला नाही, गेला आणि बोलला. १८५१ मध्ये, सतराव्या वर्षी, तो वॉटरबीच गावाचा पाळक झाला.

आता याच्या उलटा किस्सा. धर्मशास्त्राच्या कॉलेजात जावं म्हणून कॉलेजच्या प्रमुखांशी त्याची भेट ठरली, केंब्रिजमध्ये एकांच्या घरी. मोलकरणीनं त्याला एका खोलीत बसवलं आणि प्रमुखांना दुसऱ्या. दोघंही वाट बघत बसले. दोन तासांनी स्पर्जननं चौकशी केली तेव्हा कळलं, साहेब कंटाळून लंडनला निघून गेले! ॲडमिशनचा विषय तिथेच संपला. पदवी त्यानं पुढेही घेतली नाही. बी.टेक.साठी चार वर्षं आणि घरच्यांचे इतके पैसे घातलेल्या माझ्यासारख्याला हे जरा टोचतंच.

१८५४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याला लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट चॅपलनं कायमचं बोलावून घेतलं. बाराशे जागांचं चॅपल, पण बरंचसं रिकामं. काही महिन्यांत ते कमी पडायला लागलं. त्याच वर्षी शहरात कॉलरा पसरला. डॉक्टर जॉन स्नो यांनी पंपाच्या पाण्याचा माग काढला ती हीच साथ, आणि त्यांनी ज्या भागातल्या पाणी कंपन्यांची तुलना केली त्यात स्पर्जनच्या चॅपलचा सदर्क भागही होता. स्पर्जन आजाऱ्यांकडे जायचा, मग अंत्यविधीला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानं स्वतः नंतर सांगितलंय की या काळात आपणही आता कोसळणार असं त्याला वाटायला लागलं होतं.

आणि आता आपला मुद्दा. जानेवारी १८५५ पासून त्याचं प्रवचन दर आठवड्याला छापून विकायला सुरुवात झाली, किंमत एक पेनी. पद्धत अशी: रविवारी तो बोलणार आणि लघुलेखक शब्द न् शब्द टिपून घेणार. सोमवारी तो मजकूर स्पर्जनच्या टेबलावर. तो खाडाखोड करणार, बोलण्यात चालून गेलेलं पण वाचताना अडखळवणारं काढून टाकणार. मग प्रूफ, आणि गुरुवारी अंक बाजारात. पुढे आठवड्याला सुमारे पंचवीस हजार प्रती खपायला लागल्या. लघुलेखन होतं, स्वस्त छपाई होती, रेल्वे होती. ही साधनं त्या काळी सगळ्यांनाच उपलब्ध होती. यानं ती न चुकता वापरली. (जाता जाता: १८६० मध्ये तो गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलला, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत त्याची पुस्तकं जाळली गेली. त्याआधीच तिथले प्रकाशक प्रवचनांतले गुलामगिरीविरोधी उल्लेख गुपचूप गाळत होते. ट्रान्सक्रिप्ट कोण एडिट करतंय याला महत्त्व असतं ते असं.)

१९ ऑक्टोबर १८५६. गर्दी मावेना म्हणून सरे गार्डन्सचा म्युझिक हॉल भाड्यानं घेतला होता. सभा सुरू असताना कुणीतरी "आग! आग!" असं ओरडलं. आग नव्हतीच. चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, कित्येक जखमी झाली. स्पर्जन बावीस वर्षांचा होता, घरी बायको सुझॅना आणि महिन्याभराची जुळी मुलं. त्याला अक्षरशः उचलून न्यावं लागलं. काही दिवस तर बायबल नुसतं समोर दिसलं तरी त्याला रडू फुटायचं. दोन आठवड्यांनी तो पुन्हा बोलायला उभा राहिला, पण त्या गर्दीची धास्ती आणि मन अंधारून येणं शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिलं. आज आपण डिप्रेशन म्हणू.

तो हे लपवत नव्हता. १८५० च्या दशकातच त्यानं पाळकांसाठी स्वतःचं कॉलेज काढलं (हो, कॉलेज हुकलेल्या माणसानं). तिथे त्यानं विद्यार्थ्यांना या विषयावर अख्खं एक व्याख्यान दिलं, "द मिनिस्टर्स फेंटिंग फिट्स" या नावाचं. त्यात मन कधी ढासळतं याची जवळजवळ यादीच आहे: मोठं यश मिळाल्यावर, मोठ्या कामाच्या आधी, विश्रांती न घेता ओढलेल्या कामानंतर, अचानक आघात झाला तर. आणि कधी कधी काहीही कारण नसताना. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी एक पाळक विद्यार्थ्यांना सांगतोय की कारण सापडलं नाही म्हणजे दुखणं खोटं, असं नाही. आपल्याकडे अजूनही "तुला कमी काय आहे?" असं विचारतात.

दुखण्यामागेही देवाचा हात असतो, अशी त्याची धारणा होती. मला ती तशीच्या तशी पटत नाही. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर निवाडा द्यायला त्यानं ती कधी वापरली नाही. १८६१ मध्ये लागोपाठ दोन मोठे रेल्वे अपघात झाले. लगेच लोक म्हणायला लागले, रविवारी प्रवास करत होते ना, पापाची शिक्षा मिळाली. स्पर्जननं त्यावरच प्रवचन दिलं, "ॲक्सिडेंट्स, नॉट पनिशमेंट्स": अपघात म्हणजे शिक्षा नव्हे. मेलेली माणसं आपल्यापेक्षा पापी होती असं समजू नका. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" हे वाक्य दवाखान्याच्या बाकावर ज्यांनी ऐकलंय त्यांना याची किंमत कळेल. हे प्रवचनही गुरुवारच्या एक पेनीवाल्या अंकात छापून गेलं. आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या सामानात याची एक प्रत सापडली. कडेला त्यानं स्वतः शेरा लिहिलेला होता, फार चांगलं आहे अशा अर्थाचा.

१८६१ मध्येच त्याचं पाच-सहा हजार माणसं मावणारं मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल उभं राहिलं. १८६७ मध्ये स्टॉकवेलला अनाथाश्रम सुरू झाला. त्यासाठी ॲन हिलयार्ड नावाच्या विधवेनं वीस हजार पौंड दिले होते. आणि साधारण याच सुमारास शरीर बिघडायला लागलं. गाउटनं सांधे सुजायचे, पाय टेकवत नसे. पुढे मूत्रपिंडही गेलं. १८७० च्या दशकापासून हिवाळ्यात तो फ्रान्समधल्या मेंतोनला उबेसाठी जायला लागला.

सुझॅनाही १८६० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं घरातच होती. १८७५ मध्ये नवऱ्याच्या व्याख्यानांच्या पुस्तकाची प्रुफं वाचून ती म्हणाली, हे इंग्लंडमधल्या प्रत्येक पाळकाला द्यायला पाहिजे. तो म्हणाला, मग तू किती देतेस? तिनं वरच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये साठवलेली नाणी मोजली. बरोबर शंभर प्रतींचे पैसे निघाले. गरीब पाळकांना पुस्तकं पाठवायचा तिचा बुक फंड असा सुरू झाला. हिशेब आणि पत्रव्यवहार ती घरूनच सांभाळायची. १९०३ मध्ये ती गेली तोवर सुमारे दोन लाख पुस्तकं वाटून झाली होती. स्पर्जनवर बोलणारे हिला दोन ओळींत उरकतात. मला तर हिच्यावर वेगळा भाग करावासा वाटतो.

स्पर्जननं टॅबरनॅकलमध्ये शेवटचं प्रवचन दिलं ७ जून १८९१ ला. ३१ जानेवारी १८९२ ला मेंतोनमध्ये तो गेला, ५७ व्या वर्षी. गुरुवारचा अंक मात्र थांबला नाही. लघुलेखकांनी टिपून ठेवलेली, न छापलेली शेकडो प्रवचनं शिल्लक होती. ती आठवड्याला एक याप्रमाणे पुढची पंचवीस वर्षं निघत राहिली. एकूण साडेतीन हजारांहून जास्त प्रवचनं, ६३ खंड. १९१७ मध्ये अंक बंद पडला, पहिल्या महायुद्धामुळे कागद मिळेना म्हणून.