कॅशे बसवायचा कुठे?

७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो. हेड सरकायचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काही नसते, पण ती महाग पडते. मग लातूरच्या गंजगोलाईतला दुकानदार करतो तेच करायचे: सारखा खपणारा माल गल्ल्याजवळ, बाकीचा गोदामात. हाताशी ठेवलेल्या या साठ्याला कॅशे म्हणतात.

लिनक्स कर्नलमध्ये हा कॅशे नेमका कुठे बसवायचा, यावर २०१३च्या सुमारास मतभेद झाले. त्यात एक नाव अमित काळे यांचे. पुण्याच्या लिनसिससॉफ्टमधून त्यांनी कर्नलमधल्या चुका शोधणारे केजीडीबी वाढवले होते. केजीडीबी २००८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. पुढे एसटेक कंपनीत असताना त्यांनी एनहान्सआयओ हा ड्रायव्हर कर्नलसाठी पुढे आणला. त्याचे मूळ फेसबुकच्या फ्लॅशकॅशेत.

एनहान्सआयओ एसएसडीचे सहसा ४ केबीचे ब्लॉक पाडतो आणि २५६ ब्लॉकचा एक संच धरतो. डिस्कवरचा कोणता पत्ता कोणत्या संचात जाणार हे ठरलेले, म्हणून शोधाशोध त्या संचापुरतीच. राइट-थ्रूमध्ये डेटा दोन्हीकडे लिहिला जातो. राइट-बॅकमध्ये आधी एसएसडीवर, डिस्कवर मागाहून. वेग वाढतो, पण मध्येच एसएसडी गेली तर डिस्कवर न उतरलेला डेटाही गेला.

त्याची मोठी सोय म्हणजे चालू डिस्कला, फाइलसिस्टिम अनमाउंट न करता, तो लावता येतो. तो नवे डिव्हाइस तयार करत नाही. डिस्ककडे निघालेली मागणी स्वीकारणारे मेक-रिक्वेस्ट फंक्शन काढून तिथे आपले फंक्शन बसवतो. डीएम-कॅशे या दुसऱ्या कॅशे-ड्रायव्हरची रीत वेगळी. तो कर्नलच्या डिव्हाइस मॅपर या चौकटीत राहून नवे डिव्हाइस उभे करतो. बीकॅशे हा तिसरा ड्रायव्हर डिस्कवर आधी स्वतःच्या ओळखीची नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, लिहून घेतो. दोन्हींत आधीची तयारी जास्त, पण थर उघड दिसतात.

डीएम-कॅशे कर्नलच्या ३.९ आवृत्तीत, बीकॅशे ३.१० मध्ये आला. दोन्ही २०१३ सालीच. एनहान्सआयओ बाहेर राहिला. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत मेक-रिक्वेस्टची जागा सबमिट-बायोने घेतली. कर्नलमधले ड्रायव्हर त्याच कामात दुरुस्त झाले. बाहेरच्यांना स्वतःची दुरुस्ती स्वतः करणे भाग पडले. सोय दोन दिवसांची असते, देखभाल वर्षानुवर्षांची. म्हणून कर्नलने चौकटीची बाजू घेतली ते मला योग्य वाटते, आणि काळे यांनी वापरणाऱ्याची अडचण ओळखली होती हेही तितकेच खरे.

हा सगळा कोड खुला आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांनी तिन्ही ड्रायव्हर शेजारी ठेवून वाचावेत. त्याला ना पुण्याला जावे लागते, ना कुणाची परवानगी लागते.